शाळा व्यवस्थापन समितीचं वर्ष कसं चालवावं: पालकसभेपासून हिशोबापर्यंत

शाळा सुरू होऊन आठ-पंधरा दिवस झाले की जिल्हा परिषदेच्या शाळेत पालकसभा भरते. व्हरांड्यात सतरंजी, पुढे बायका, मागे खांबाला टेकलेले चार-दोन पुरुष. मुख्याध्यापक विचारतात, "समितीत कोण येतंय?" सगळे खाली बघतात. मग ज्याचं घर शाळेला लागून आहे त्याचं नाव लिहिलं जातं, जो सभेला आलाच नाही त्याचंही लिहिलं जातं, आणि दहा मिनिटांत समिती तयार होते.

माझंही नाव असंच लिहिलं गेलं होतं. पुढे दोन मुदती, म्हणजे चार वर्षं, मी समितीत काढली; त्यातली दोन अध्यक्ष म्हणून. आमची शाळा लहान, भाग कोरडवाहू, निम्मं गाव दिवाळीनंतर ऊसतोडीला जाणारं. सुरुवातीला समिती म्हणजे महिन्यातून एकदा सह्या करणं एवढंच मला माहीत होतं. नंतर कळत गेलं की गावातल्या साध्या पालकाच्या हातात कायद्याने दिलेली इतकी ताकद दुसरीकडे कुठे नाही. ती वापरायची तर तारखा आणि कागद सांभाळावे लागतात. जे काम योग्य तारखेच्या आधी लिहून गेलं ते झालं, जे तोंडी राहिलं ते तसंच पडून राहिलं. म्हणून हा लेख वर्षाच्या क्रमाने लिहिला आहे.

समितीला अधिकार कुठून आले

बालकांचा मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा हक्क अधिनियम २००९ मध्ये झाला आणि १ एप्रिल २०१० पासून लागू झाला. त्याच्या कलम २१ नुसार प्रत्येक सरकारी आणि स्थानिक स्वराज्य संस्थेच्या शाळेत ही समिती असलीच पाहिजे. त्याआधी ग्रामशिक्षण समित्या होत्या, पण त्यांत पुढारी जास्त आणि पालक कमी असायचे. या कायद्याने ते उलटं केलं: किमान तीन-चतुर्थांश सदस्य त्या शाळेत शिकणाऱ्या मुलांचे पालक हवेत आणि एकूण सदस्यांत निम्म्या महिला हव्यात. वंचित गटातल्या आणि दुर्बल घटकातल्या मुलांच्या पालकांना त्यांच्या प्रमाणात जागा द्यावी लागते.

काम चार ओळींत मावतं. शाळेच्या कामकाजावर देखरेख ठेवणं, शाळा विकास आराखडा तयार करून त्याची शिफारस करणं, सरकारकडून, जिल्हा परिषदेकडून किंवा आणखी कुठूनही आलेल्या पैशाच्या वापरावर लक्ष ठेवणं, आणि शासन नेमून देईल ती इतर कामं. खाजगी अनुदानित शाळेत मात्र २०१२ च्या दुरुस्तीनंतर ही समिती फक्त सल्लागार आहे. त्यामुळे पुढे जे सांगते आहे ते मुख्यतः जिल्हा परिषद, नगरपालिका आणि महापालिकेच्या शाळांना लागू पडतं.

जून-जुलै: निवड घाईत उरकू देऊ नका

महाराष्ट्रात समिती १२ ते १६ जणांची असते, सदस्य सचिव धरून नाही. सोळा जणांची समिती धरली तर बारा पालक येतात. उरलेल्या चार जागांत ग्रामपंचायतीचा निवडून आलेला प्रतिनिधी, शिक्षकांमधून एक आणि गावातला शिक्षणप्रेमी किंवा शिक्षणतज्ज्ञ हे घटक येतात. मुख्याध्यापक सदस्य सचिव असतात. अध्यक्ष आणि उपाध्यक्ष पालकांमधूनच निवडायचे. सरपंच अध्यक्ष होऊ शकतो का, हा प्रश्न दरवेळी निघतो. त्याचं मूल त्याच शाळेत शिकत असेल आणि तो पालक म्हणून निवडून आला असेल तरच. मुदत दोन वर्षांची.

सभेची नोटीस किमान आठवडाभर आधी मुलांच्या वहीत लिहून पाठवा आणि वेळ संध्याकाळची ठेवा. खुरपणीच्या दिवसांत सकाळी अकराची सभा लावली तर मजुरी बुडवून कोण येणार? प्रत्येक इयत्तेतून पालक घ्या, कारण सगळेच चौथीचे निघाले तर पुढच्या वर्षी त्यांची मुलं शाळा सोडतात आणि समिती रिकामी होते. वस्तीवरून, तांड्यावरून, पारधी पालावरून येणाऱ्या मुलांचे पालक आपण होऊन सभेला येत नाहीत. त्यांना घरी जाऊन सांगावं लागतं. आम्ही पहिल्या खेपेला हे केलं नाही, आणि वर्षभर तांड्यावरच्या मुलांची गैरहजेरी "कळत नाही का येत नाहीत" अशीच इतिवृत्तात लिहीत राहिलो. दुसऱ्या खेपेला तांड्यावरची एक ताई समितीत आली आणि पहिल्याच बैठकीत तिने सांगितलं, "ओढ्याला पाणी आलं की पोरं कशी येतील?" एवढं साधं कारण होतं.

आणखी एक गोष्ट मनापासून सांगते. निवडून आली असेल बाई, तर बैठकीला तिने यावं आणि सही तिनेच करावी. नवऱ्याने सही केली तर ती इतिवृत्तात घेऊ नका. एकदा नम्रपणे सांगितलं की पुढच्या वेळी ताई स्वतः येतात. आमच्याकडे वर्षभरात सर्वांत नेमके प्रश्न त्याच विचारायला लागल्या.

पहिले पंधरा दिवस: हे कागद मागून बघा

पहिल्या बैठकीआधी मुख्याध्यापकांकडे जाऊन बसा आणि कागद बघायला मागा. चौकशीला आल्यासारखं जाऊ नका. "सर, मला समजून घ्यायचंय," असं म्हटलं की बहुतेक गुरुजी आनंदाने कपाट उघडतात. कारण बहुतेक शाळांत आजवर कुणी विचारलेलंच नसतं. मागच्या दोन वर्षांचं इतिवृत्त, बँकेचं पासबुक आणि कॅशबुक, साठा नोंदवही, शेवटचा विकास आराखडा आणि यू-डायसची प्रत एवढं पुरे.

यातला यू-डायसचा फॉर्म मला सगळ्यांत महत्त्वाचा वाटतो, आणि त्याच्याकडे सगळ्यांत कमी लोक बघतात. प्रत्येक शाळेला ११ अंकी यू-डायस क्रमांक असतो, महाराष्ट्रात तो २७ ने सुरू होतो. दरवर्षी शाळेची सगळी माहिती या क्रमांकावर भरली जाते: किती खोल्या चांगल्या, किती दुरुस्तीच्या, मुलींचं स्वच्छतागृह वापरात आहे का, पाणी आहे का, वीज, दिव्यांग मुलांसाठी रॅम्प, कुंपण, पुस्तकं. वरच्या कार्यालयाला तुमची शाळा दिसते ती या फॉर्ममधून. आमच्या शाळेत मुलींच्या स्वच्छतागृहाला पाणीच नव्हतं, पण फॉर्मवर "वापरात आहे" अशी नोंद कैक वर्षं पुढे ओढली जात होती. जे कागदावर ठीक आहे त्याला पैसे कोण देणार? म्हणून फॉर्म भरताना अध्यक्ष आणि एक महिला सदस्य यांनी शाळेत फिरून, नळ सोडून, दार लावून बघावं आणि मग माहिती भरायला सांगावं.

३० सप्टेंबर: पट आणि शिक्षक

शिक्षकांची पदं ठरतात ती संचमान्यतेने, आणि त्यासाठी ३० सप्टेंबरचा पट धरतात. कायद्याच्या परिशिष्टात पहिली ते पाचवीला ६० मुलांपर्यंत दोन शिक्षक आणि ६१ ते ९० मुलांना तीन, असं प्रमाण आहे. राज्याचे संचमान्यतेचे निकष मात्र मधूनमधून बदलतात. १५ मार्च २०२४ च्या निर्णयाने सहावी ते आठवीच्या कमी पटाच्या वर्गांना फटका बसला म्हणून बराच विरोध झाला. त्या वर्षीचा लागू असलेला निकष कोणता, हे केंद्रप्रमुखांना विचारून इतिवृत्तात लिहून ठेवा.

समितीच्या हातात यातलं काय आहे? आधार. ज्या मुलाचं आधार शाळेच्या नोंदीशी जुळत नाही ते मूल संचमान्यतेत धरलं जात नाही. नावातलं एक अक्षर, जन्मतारखेतला एक आकडा चुकतो आणि रोज शाळेत येणारं मूल कागदावर नाहीसं होतं. जुलैच्या बैठकीत अशा मुलांची यादी मागा आणि समितीतल्या पालकांनी त्या घरांची जबाबदारी वाटून घ्या. पालकांना सेतू केंद्रावर जायला एक दिवस मजुरी सोडावी लागते. गावातून एकच गाडी करून पाच-सहा मुलांना एकदम नेलं तर काम एका फेरीत होतं. आम्ही हे ऑगस्टमध्ये उरकायचो, सप्टेंबरच्या शेवटच्या आठवड्यात तिथे पाय ठेवायला जागा नसते.

दर महिन्याची बैठक आणि इतिवृत्त

महिन्यातून एक बैठक व्हायला हवी. तारीख ठरवून टाका, उदाहरणार्थ महिन्याचा दुसरा शनिवार, म्हणजे निरोपाची वाट बघावी लागत नाही. विषय आधी ठरलेले असावेत: मागच्या इतिवृत्ताचं वाचन, मागच्या ठरावांचं काय झालं, महिन्याचा जमाखर्च, पोषण आहार, मुलांची हजेरी आणि ऐनवेळचे विषय.

इतिवृत्त लिहायचं काम सदस्य सचिवांचं आहे, पण ते बैठक चालू असताना लिहिलं जावं आणि सगळ्यांसमोर मोठ्याने वाचून मग सह्या व्हाव्यात. कोऱ्या पानावर सही करू नका. ही सवय फार जुनी आहे: "ताई, सही करा, मी लिहितो नंतर." गुरुजी खोटं लिहितील म्हणून मी हे सांगत नाही. बदली झाली, नवे गुरुजी आले, की कोऱ्या पानाचं उत्तर तुम्हालाच द्यावं लागतं. ज्या सदस्याला वाचता येत नाही त्याच्यासाठी तर मोठ्याने वाचणं हाच एक उपाय आहे.

ठराव कसा लिहावा? आम्ही तीन वर्षं तोंडी सांगत होतो की दक्षिणेकडच्या खोलीचं छत गळतंय, भिंतीला तडे गेलेत. दर वेळी "बघू, प्रस्ताव पाठवू" असं उत्तर यायचं. शेवटी एका निवृत्त ग्रामसेवकांनी आम्हाला असा ठराव लिहून दिला:

"ठराव क्र. ३. शाळेच्या दक्षिणेकडील वर्गखोलीचे छत गळत असून भिंतींना तडे गेले आहेत. विद्यार्थ्यांच्या सुरक्षिततेसाठी सदर खोली आजपासून बंद ठेवावी. खोलीची तांत्रिक तपासणी होऊन निर्लेखनाची कार्यवाही व्हावी व नवीन वर्गखोली मंजूर व्हावी, यासाठी मा. गटशिक्षणाधिकारी यांच्याकडे छायाचित्रांसह प्रस्ताव सादर करावा, असे सर्वानुमते ठरले. सूचक, अनुमोदक."

निर्लेखन म्हणजे मोडकळीला आलेलं बांधकाम सरकारी नोंदीतून काढून टाकणं. यात काय आहे ते बघा. नेमकी कोणती खोली, तिला काय झालंय, आपण आज काय करतोय, कुणाकडून काय हवंय. पत्र शाळेच्या जावक क्रमांकाने गेलं, पंचायत समितीत आवक शिक्का मारून पोच घेतली, एक प्रत गटविकास अधिकाऱ्यांना आणि एक ग्रामपंचायतीला दिली. पुढच्या दोन महिन्यांत जिल्हा परिषदेच्या बांधकाम विभागाचे अभियंता मोजमाप घ्यायला आले. तीन वर्षांच्या बोलण्याने जे झालं नव्हतं ते एका पानाने झालं. खोली पाडायला आणि नवी बांधायला पुढे वेळ लागलाच, पण तोवर त्या छताखाली एकही मूल बसलं नाही.

पोच घेतलेल्या सगळ्या प्रतींची एक वेगळी फाईल ठेवा आणि ती शाळेच्याच कपाटात राहू द्या. अध्यक्षाच्या घरी नको.

पैसा: किती येतो, कसा जातो

शिक्षकांचे पगार थेट शासनाकडून होतात, त्याच्याशी समितीचा संबंध नाही. समितीच्या हातातली मुख्य रक्कम म्हणजे समग्र शिक्षा अभियानाचं संयुक्त शाळा अनुदान. ते पटावर ठरतं: ३० मुलांपर्यंत वर्षाला १०,००० रुपये, ३१ ते १०० पर्यंत २५,०००, १०१ ते २५० पर्यंत ५०,०००, २५१ ते १,००० पर्यंत ७५,००० आणि त्यापुढे १ लाख. यातली किमान १० टक्के रक्कम स्वच्छतेवर खर्च करायची असते.

आकडे बघितले की लक्षात येतं, पट ३० वरून ३१ झाला तर अनुदान अडीच पट होतं. एका मुलाने एवढा फरक पडतो, म्हणून पटाचं महत्त्व पुन्हा सांगते.

आता ६८ पटाच्या शाळेचे २५,००० कसे वाटायचे? अडीच हजार स्वच्छतेला बाजूला काढा: फिनेल, झाडू, साबण, टाकी धुणं. मग वर्षभराच्या वीजबिलाचा अंदाज काढा, कारण बिल थकून मीटर कापला गेला तर टीव्ही, संगणक, पंखे, पाण्याची मोटर सगळं बंद पडतं. त्यानंतर खडू, नोंदवह्या, छपाई. मग किरकोळ दुरुस्ती: कडी-कोयंडे, नळ, फुटलेल्या फरश्या. उरेल त्यातून मुलांच्या हातात काय जाईल ते बघा. आम्ही एका वर्षी रंगरंगोटीचा आग्रह सोडून गोष्टीच्या पुस्तकांसाठी उभी मांडणी केली. भिंती आणखी एक वर्ष मळक्या राहिल्या, पण पुस्तकं कपाटातून बाहेर आली. माझ्या मते पैसा कमी असताना हाच क्रम बरोबर आहे, गाव कितीही "रंग द्या" म्हणालं तरी.

खर्चाची पद्धतही बदलली आहे. पूर्वी अध्यक्ष आणि मुख्याध्यापकांच्या जोडसहीने चेक निघायचा. आता समग्र शिक्षेचे पैसे पीएफएमएस या सरकारी पैशाच्या ऑनलाइन प्रणालीतून, शून्य शिल्लक खात्यावर खर्चाची मर्यादा म्हणून दिसतात. पैसा वरच्या खात्यात असतो, शाळेला तेवढी मर्यादा मिळते. एक जण देयक भरतो, दुसरा मंजूर करतो, आणि रक्कम थेट दुकानदाराच्या खात्यात जाते. याचे दोन परिणाम होतात. पासबुकात शिल्लक शून्य दिसली तर घाबरू नका, मंजूर मर्यादा किती ते विचारा. आणि दुसरं, ३१ मार्चपर्यंत वापरली नाही तर ती मर्यादा हातची जाते. आमच्याकडे ती कधी कधी फेब्रुवारी-मार्चमध्ये यायची. म्हणून काय घ्यायचं, कुणाकडून, हे डिसेंबरमध्येच ठराव करून आणि दरपत्रकं घेऊन तयार ठेवा. नाहीतर मार्चच्या शेवटच्या चार दिवसांत जे मिळेल ते घेतलं जातं, आणि ते पुढे कपाटावर धूळ खात पडतं.

हिशोब तपासताना हातात चार गोष्टी एकत्र घ्या: ठराव, बिल, कॅशबुकातली नोंद आणि साठा नोंदवहीतली नोंद. चारही जुळल्या तर खर्च झाला असं समजा. माझ्या पहिल्या वर्षी पाणी शुद्ध करायचं एक यंत्र घेतलं गेलं. बिल होतं, पैसे गेले होते, पण साठा नोंदवहीत ते चढवलंच नव्हतं. दुसऱ्या वर्षी ते बिघडलं तेव्हा हमीपत्र कुठे, कुणाकडून घेतलं, काही सापडेना. दुरुस्तीचा भुर्दंड लोकवर्गणीतून भरावा लागला. त्या बिलाच्या बैठकीत माझी सही आहे आणि मी नोंदवही मागितली नव्हती, हे मला आजही लागतं.

लोकवर्गणीबद्दल एवढंच: पावतीशिवाय एक रुपयाही घेऊ नका. वस्तू दान आली तरी साठ्यात चढवा, दात्याचं नाव लिहा आणि वर्षअखेरीस जमाखर्च शाळेच्या फलकावर लावा. आमच्या गावात फलकावर हिशोब लागला त्या वर्षीपासून वर्गणी मागायला जावं लागलं नाही, लोक आपण होऊन यायला लागले.

गणवेश

गणवेशाची गोष्ट थोडी सविस्तर सांगायला हवी. समग्र शिक्षेतून प्रत्येक पात्र मुलामागे वर्षाला ६०० रुपये, म्हणजे दोन जोड, मिळतात. केंद्राच्या निकषात सगळ्या मुली आणि अनुसूचित जाती, जमाती व दारिद्र्यरेषेखालील मुलगे येतात. उरलेल्या मुलग्यांसाठी राज्याने २०२३-२४ पासून स्वतः तरतूद केली. मधल्या काळात "एक राज्य, एक गणवेश" योजना आली आणि खरेदी वरून होऊ लागली. कितीतरी शाळांत गणवेश उशिरा पोचले, मापं चुकली. शेवटी डिसेंबर २०२४ मध्ये शासनाने निर्णय फिरवला आणि २०२५-२६ पासून गणवेशाचं काम पुन्हा शाळा व्यवस्थापन समित्यांकडे आलं.

हा समित्यांवर टाकलेला विश्वास आहे, तेव्हा ते काम नीट करू या. मुलांची मापं प्रत्यक्ष घ्या, इयत्तेवरून अंदाज नको. किमान तीन दरपत्रकं घ्या. कापडाचा नमुना मागा आणि तो धुवून बघा. आमच्या समितीतल्या एका ताई शिवणकाम करतात. त्यांनी तीन दुकानांचे तुकडे घरी नेऊन गरम पाण्यात टाकले. सगळ्यांत स्वस्ताचा रंग उतरला, दुसऱ्याचा तुकडा आकसला. तिसरा आम्ही घेतला. पँट आणि स्कर्टला खाली दोन इंच दुमड ठेवायची अट त्यांनीच घातली, कारण मूल वर्षभरात वाढतं. बिल देण्याआधी मुलांना गणवेश घालून एकदा रांगेत उभं करून बघा.

पोषण आहार

इथे मोजमाप पक्कं ठेवा. पहिली ते पाचवीच्या मुलाला दिवसाला १०० ग्रॅम धान्य, ४५० उष्मांक आणि १२ ग्रॅम प्रथिनं. सहावी ते आठवीला १५० ग्रॅम धान्य, ७०० उष्मांक आणि २० ग्रॅम प्रथिनं, असं ठरलेलं आहे. म्हणजे ५० लहान मुलं हजर असतील तर ५ किलो तांदूळ शिजायला हवा. हजेरीपट आणि त्या दिवशीचा खर्ची पडलेला तांदूळ शेजारी ठेवले की सगळं समजतं.

पोती उतरवून घेताना वजन करा. शाळेत काटा नसेल तर गावातल्या दुकानातून आणा. रोज जेवण वाढण्याआधी कुणीतरी मोठ्या माणसाने चव घेऊन नोंदवहीत सही करायची असते. समितीतल्या पालकांनी आठवड्याचे वार वाटून घ्या. स्वयंपाक करणाऱ्या मावशींना मानधन वेळेवर मिळतंय का, हेही बैठकीत विचारा. त्या कमी पैशांत खूप राबतात, आणि त्यांच्या बाजूने बोलणारं दुसरं कुणी नसतं.

२ ऑक्टोबर ते ३१ डिसेंबर: आराखडा आणि ग्रामसभा

कलम २२ म्हणतं की शाळा विकास आराखडा समितीने करायचा. तो तीन वर्षांचा असतो, त्यात तीन वार्षिक आराखडे, आणि आर्थिक वर्ष संपायच्या तीन महिने आधी तो तयार हवा. म्हणजे ३१ डिसेंबर ही तुमची तारीख.

आराखडा करायला कायद्याचं परिशिष्ट समोर ठेवा: प्रत्येक शिक्षकामागे किमान एक खोली, मुलामुलींची वेगळी स्वच्छतागृहं, पिण्याचं सुरक्षित पाणी, स्वयंपाकघर, क्रीडांगण, कुंपण, ग्रंथालय, रॅम्प. पहिली ते पाचवीला वर्षात किमान २०० दिवस आणि ८०० तास, सहावी ते आठवीला २२० दिवस आणि १,००० तास शिकवणं व्हायला हवं. यातलं आपल्याकडे काय कमी आहे, ते लिहा. प्रत्येक गरजेपुढे अंदाजे खर्च आणि पैसा कुठून येईल, हे दोन रकाने हवेतच. "संगणक कक्ष व्हावा" एवढंच लिहून भागत नाही.

पैशाचा दुसरा मोठा झरा ग्रामपंचायत आहे, आणि तिकडे समित्या फारशा जातच नाहीत. "आमचं गाव, आमचा विकास" आराखड्यात शाळेचं काम धरलं गेलं तर वित्त आयोगाच्या निधीतून पाण्याची जोडणी, हात धुण्याची जागा, स्वच्छतागृह ही कामं होऊ शकतात. पंधराव्या वित्त आयोगाच्या ग्रामपंचायत निधीत तर ६० टक्के रक्कम पाणी आणि स्वच्छतेसाठीच बांधलेली होती. २ ऑक्टोबरच्या ग्रामसभेत विषय यायचा असेल तर सप्टेंबरमध्ये समितीचा ठराव ग्रामसेवकांकडे पोच घेऊन द्या. ग्रामसभेच्या आधी महिला सभा होते. मुलींच्या स्वच्छतागृहाचा विषय तिथे मांडला की तो मुख्य सभेत कुणाला बाजूला सारता येत नाही.

गावात दोन पार्ट्या असतातच. शाळेचा ठराव मांडताना सूचक एका बाजूचा आणि अनुमोदक दुसऱ्या बाजूचा घ्या. आम्ही दर वेळी असंच केलं.

गावातले अवघड प्रश्न

ऊसतोडीला जाणाऱ्या घरांतली मुलं हा आमचा सगळ्यांत मोठा प्रश्न होता. अशा भागात हंगामी वसतिगृहाची सोय आहे. आई-बाप कारखान्यावर गेले तरी मूल आजी-आजोबांकडे किंवा नातेवाइकांकडे गावातच राहतं आणि त्याच्या जेवणाची व्यवस्था शाळेमार्फत होते. ही वसतिगृहं चालवायची जबाबदारी समितीवर असते. दसऱ्याच्या आत घरोघर सर्वेक्षण करा: कोणतं कुटुंब जाणार, किती मुलं, कुणाजवळ राहणार. पालकांचं संमतीपत्र घ्या आणि प्रस्ताव गटशिक्षणाधिकाऱ्यांकडे द्या. टोळ्या निघून गेल्यावर प्रस्ताव केला तर मुलं उसाच्या फडात पोचलेली असतात. जी जाणारच आहेत त्यांना शिक्षण हमी कार्ड देऊन पाठवा, म्हणजे तिकडच्या शाळेत बसता येतं.

दुसरा प्रश्न लहान शाळांचा. २०२३ च्या सुमारास २० किंवा त्याहून कमी पटाच्या १४ हजारांहून अधिक शाळा राज्यात होत्या. २०२३ मध्ये पुणे जिल्ह्यातल्या पानशेत आणि नंदुरबारमधल्या तोरणमाळचं उदाहरण पुढे ठेवून समूह शाळांचा, म्हणजे आसपासच्या लहान शाळा एकत्र करून एक मोठी शाळा चालवण्याचा, विचार पुढे आला. काही ठिकाणी मोठ्या शाळेत मुलांचं भलं होईलही, मी सरसकट विरोध करणार नाही. पण निर्णय होण्याआधी समितीने आपली बाजू लिहून द्यायला हवी. राज्याच्या नियमांनुसार पहिली ते पाचवीची शाळा १ किलोमीटरच्या आत आणि सहावी ते आठवीची ३ किलोमीटरच्या आत हवी. पायवाटेने अंतर मोजा, वाटेतला ओढा, महामार्ग, जंगल यांची नोंद करा, पावसाळ्यातले फोटो लावा.

मुलांच्या सुरक्षिततेत समितीने कसलीही भीड ठेवू नये. तक्रारपेटी मुलांच्या हाताला येईल अशा उंचीवर लावा आणि ती एकट्या माणसाने उघडू नये, महिला सदस्य सोबत असावी. १०९८ हा मुलांसाठीच्या चाइल्ड हेल्पलाइनचा क्रमांक भिंतीवर मोठ्या अक्षरांत लिहा. लैंगिक छळाचा संशय जरी आला तरी बैठकीत मिटवायचा विषय नाही, थेट पोलिसांकडे जायचं.

शिक्षकांबद्दल: समिती त्यांची साहेब नाही. वर्गात जाऊन पाठ तपासणं, सगळ्यांसमोर जाब विचारणं यातून शाळा बिघडते. नियमितपणा, अभ्यासक्रम वेळेत पूर्ण होणं, पालकांशी बोलणं हे मात्र कायद्यानेच शिक्षकांचं कर्तव्य आहे आणि त्याबद्दल विचारायचा समितीला हक्क आहे. जनगणना, आपत्ती निवारण आणि निवडणूक सोडून इतर अशैक्षणिक कामं त्यांना देता येत नाहीत. तशी कामं लागली तर समितीने त्यांच्या बाजूने पत्र द्यावं. आम्ही एकदा दिलं. त्यानंतर गुरुजी आणि समिती यांच्यातलं बोलणंच बदललं.

तक्रार ऐकली जात नसेल तर कलम ३२ नुसार स्थानिक प्राधिकरणाकडे लेखी तक्रार करता येते आणि तीन महिन्यांच्या आत निर्णय व्हायला हवा. त्यावर अपील राज्य बालहक्क संरक्षण आयोगाकडे जातं. तिथवर पोचायच्या आधी मुख्याध्यापक, केंद्रप्रमुख, गटशिक्षणाधिकारी, शिक्षणाधिकारी या क्रमाने दिलेल्या पत्रांच्या पोच तुमच्याकडे असाव्यात.

दोन वर्षांनी: कपाट सोपवताना

मुदत संपली की नवी समिती येते आणि जुनी घरी जाते. जुन्यांना काय माहीत होतं ते त्यांच्याबरोबरच जातं. म्हणून शेवटची बैठक जुन्या आणि नव्या समितीची एकत्र घ्या. त्यात अर्धवट राहिलेले ठराव वाचून दाखवा, कोणतं पत्र कुठल्या टेबलावर आहे ते सांगा, आणि नोंदवह्या व फाइलींची यादी करून दोन्ही अध्यक्षांच्या सह्या घ्या. आमच्या यादीत अठरा ओळी होत्या. पहिली ओळ त्या दक्षिणेकडच्या खोलीच्या फाइलीची, आणि शेवटची कपाटाच्या दोन किल्ल्यांची.